चार नंबरच्या टेबलावरची अर्धी भाकरी

आई, मेनूकार्डावर तांदळाच्या भाकरीपुढे जो आकडा छापलाय तो सोड. माझ्या या जेवणाच्या बागेची खरी किंमत म्हणजे गरम उकड मळून मळून बधिर झालेले तुझे दोन तळहात आणि माझे झाडून सगळे रविवार. लोक रविवारी खायला येतात, म्हणजे मालकाला रविवार नसतो. तू गेलीस तेव्हा खरवईच्या पुढे इथे नुसतं गवत होतं. आता चिंचेखाली टेबलं आहेत, मागे मुक्कामाला दोन खोल्या आहेत, आणि शनिवार दुपारपासून ठाण्या-मुंबईच्या गाड्या कुंपणाला लागतात. गावठी कोंबडीचा रस्सा, सुकटीची चटणी, आणि भाकरी. थोडी फुशारकी मारतो, मारू दे: माझ्याकडे भाकरी ताटातून परत येत नाही. मी गल्ल्यावर बसतच नाही, मोरीपाशी उभा राहतो, परत आलेली ताटं बघत. तुझीच सवय.

सिंधी वस्तीतली, कॅम्प दोनमधली ती खानावळ आठवते. मी आठ वर्षांचा, तू आणि मावशी चुलीपुढे, बाहेर वर्कशॉपमधली माणसं जेवतायत. थापण्याचा आवाज ओला आला की भाकरी चांगली, कोरडा आला की उकड निवलेली, हे मला पाढ्यांच्या आधी कळलं. एकदा मी अर्धी भाकरी तशीच ठेवून उठलो. तू माझा कान धरलास. "टाकलीस ना? आता जिनं थापली तिला जाऊन सांग, काय खोट व्हती ती. पाठीमागं नावं नाय ठेवायची." मी रडत मावशीपुढे उभा. "मावशी, कडा फुटल्यात." मावशी हसली, हात ओला केला आणि दुसरी थापून दिली. सिंधी मालक दारातून म्हणाला, "बाई, तेरा बेटा तो इन्स्पेक्टर बनेगा!" इन्स्पेक्टर नाही झालो, पण तपासणी सुटली नाही. इथे नवीन बाई लागली की तिला पहिल्या दिवशी हाच नियम सांगतो.

गेल्या आठवड्यात तुझ्या नातीने हुकूम काढला. "बाबा, या शनिवार-रविवारी तुम्ही गिऱ्हाईक. खोली बुक केलीय." बेलवलीच्या घरून खरवई, रिक्षाचं अंतर, आणि आम्ही बॅगा भरून वीकेंडला निघालो! तुझी सून तर टॉर्चही घेऊन आली होती. रविवारी दुपारी चार नंबरच्या टेबलावर पाय पसरून बसलो. बाजूच्या टेबलावरची एक म्हातारी सुनेला सांगत होती, "अशी भाकरी घरी का नाय होत गं?" छाती केवढी फुगली म्हणून सांगू. तेवढ्यात आतून थापण्याचा आवाज आला. कोरडा. मी अर्धा उठलो. "बाबा, बसा. गिऱ्हाईक किचनमध्ये जात नाही." बसलो.

भाकरी घेऊन ताई स्वतः आल्या. बाग सुरू झाली तेव्हापासून त्या थापतायत. नवी साडी, केसात गजरा. "शेठ, तुमची उकड मी सकाळीच वेगळी काढून ठेवली होती, फडक्याखाली. गर्दीत दुसऱ्या कोणाला जायला नको." मानाने बाजूला ठेवली आणि तिथेच ती निवली. कडा फुटलेल्या, मध्ये घट्ट. मी म्हटलं, "वा, ताई!" त्या आत गेल्या. मी अर्धी खाल्ली. उरलेली रश्श्यात बुडवूनही गिळवेना, जीभ अजून तुझ्या हाताची आहे.

हात धुवायला गेलो तर मोरीवरची बाई ओरडली, "शेठ, चार नंबरची अर्धी भाकरी परत आली! कोण होतं तिथे?"

"होता एक. लय नखरेल होता."

मागे उभ्या तुझ्या सुनेने माझ्या हातात पंचा दिला.

आज बुधवार. रोज सकाळी ताई परातीत पाणी ओततात, मी दारात जातो, गॅस सिलेंडरचं काहीतरी विचारून परत येतो. त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतायत, शेठना माझी भाकरी भारी आवडली. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, गल्ल्याखालच्या खणात राहील. रविवारी इतकी ताटं उठली, त्यात भाकरी एकाच ताटातून परत आली. ते ताट मालकाचं होतं, आणि ताईंना मी अजून सांगितलेलं नाही.