टाकीत ओतलेला शिरा

मुलुंड (पूर्व)
२७ फेब्रुवारी

प्रिय अबोली,

आधी एक गंभीर तक्रार नोंदवतो. गेले सव्वीस दिवस माझा सकाळचा चहा इंडक्शनच्या शेगडीवर होतो आहे. पातेलं ठेवलं की ही बया शिटी मारते, उचललं की शिटी मारते, आणि चहाला उकळी फुटते ना फुटते तोच स्वतःच्या मर्जीने बंद पडते. या वयात माणसाने काय काय सोसायचं? मी वर्तमानपत्राला पत्र लिहायला बसलो होतो. तुझी कुंदाकाकू म्हणाली, पेपरवाल्यांना नंतर लिहा, आधी त्या पोरीला उत्तर द्या.

तुझा मेसेज येऊन तीन आठवडे झाले. ‘काका, बाबा खाली का नाही आले? दार तर उघडं होतं.’ बस, एवढंच. फोनवर उत्तर टाईप केलं, पुसलं, पुन्हा केलं. मग वाटलं, जे अंगठ्याने लिहिता येत नाही ते कागदावर लिहावं.

पोलिसांचाही हाच प्रश्न आहे. मंगळवारी तुझ्या बाबांच्या जामिनाची सुनावणी आहे आणि वकील म्हणतो, सगळं या एका गोष्टीवर अडलंय. निसटायला वाट असताना देवदत्त गच्चीवर थांबला असेल, तर तो मारायलाच थांबला आणि तेवीस वर्षांच्या पोराचा डोळा त्याने ठरवून फोडला. तूही तेच धरून बसली आहेस. पुण्याहून एकदा त्यांना भेटायलाही आली नाहीस. तुला बोल लावत नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीही आलो नसतो.

तू पुण्याला गेल्यावर बाबांनी गच्चीवर काय काय थाटलं होतं, ते तू फक्त फोटोत पाहिलंस. तुझी आई, आमच्या वहिनी, गेल्या आणि भांडुपच्या कारखान्यातून हा फिटर रिटायर झाला, दोन्ही एकाच वर्षात. लोक अशा वेळी गुडघे धरून बसतात. याने भंगारातून फ्रिजची काच आणि तांब्याची नळी आणली, नळीला काळा रंग फासला आणि आंघोळीचं पाणी उन्हावर तापवायला लागला. मग दोन टाक्या, एकात एक उलटी. जोगेश्वरीच्या तबेल्यातून शेणाची पोती रिक्षाने आणली, तेव्हा रिक्षावाल्याने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. पंचवीस दिवसांनी वरची टाकी हळूहळू उचलली गेली. गॅस. सालं, देठं, शिळा भात यांचा गॅस. याने एक नळी स्वतःच्या स्वयंपाकघरात सोडली आणि एक माझ्या. मोबदल्यात मी रोज सालांची बादली द्यायची. दोन वर्षं माझा चहा, कुंदाची डाळ, सगळं कचऱ्यावर शिजलं. मी सगळ्या बिल्डिंगीत मिरवायचो, जसं काही मीच शोध लावलाय.

नियम एकच होता, दिवसाला दोन किलो, वर एक साल नाही. तो म्हणायचा, हे पोट आहे रे श्याम, डबा नाही.

आता सोसायटीचा सव्वीस जानेवारीचा सत्यनारायण. प्रसादाचं खातं माझ्याकडे. मी दोनशे माणसांचा शिरा सांगितला. लाँग वीकेंड होता, निम्मी बिल्डिंग अलिबागला, उरलेल्यांना डायबेटिस. दोन पातेली शिरा उरला, वर तुपाचा थर. प्रसाद कचऱ्याच्या डब्यात टाकायची कुणाची छाती नाही, खायची कुणाची तब्येत नाही. देवदत्त दुपारी झोपला होता. मला वाटलं, गॅस होईल, म्हणजे प्रसाद अग्नीलाच पोचला. एवढी सुबक सोय आमच्या आजोबांनाही सुचली नसती. दोन्ही पातेली मी टाकीत ओतली. वीस किलो, साजूक तुपातला.

पाच दिवसांत पोट बिघडलं. टाकी आंबली आणि सडक्या अंड्यांचा वास तीन मजले खाली उतरला. तुझ्या बाबांनी मला विचारलं, कुणी काही टाकलं का रे? मी म्हणालो, छे.

रविवारी, एक तारखेला, आमचे चेअरमन शिवदासभाऊ यांच्याकडे मुलीला बघायला लोक आले होते. त्याच दुपारी टाकीतून फेस उसळला, गच्चीवरून पन्हाळीच्या पाइपात गेला आणि भाऊंच्या गॅलरीत, पाहुण्यांच्या चपलांवर पडला. हसू येतंय ना? मलाही तेव्हा आलं होतं. मी वरच होतो. टाकीतलं आंबट मारायला चुन्याचं पाणी ओतायचं म्हणून देवदत्तने मला बोलावलं होतं, बादली माझ्या हातात होती.

भाऊंचे दोन पुतणे वर आले. राजेशच्या हातात स्टंप, नितेशच्या हातात पहार. दोघेही दुपारपासूनच प्यायलेले. नितेशने आल्या आल्या पहार टाकीत घुसवली. टाकी फाटली तो आवाज मी अजून ऐकतो, ओलं गोणपाट फाडल्यासारखा. सगळा काला त्यांच्या पायांवर आला. दुसरा घाव उन्हाच्या पाण्याच्या काचेवर. देवदत्त मध्ये आला, दोन्ही हात पसरून, जसं कुणी लेकरू मारतंय. राजेशने स्टंप त्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडलं. मग तोंडावर. तुझे बाबा चिखलात गुडघ्यावर आले आणि त्यांनी दात थुंकले, अबोली. नितेशने पहारीचं बोथट टोक खांद्यावर घातलं. गळ्याजवळचं हाड तिथे मोडलं. हे तुला कुणी सांगितलेलं नाही, कारण भाऊ वर पोचले तेव्हा त्यांना फक्त एवढंच दिसलं की त्यांचा पुतण्या डोळा धरून किंचाळतोय आणि देवदत्तच्या डाव्या हातात टाकी ढवळायचा गज आहे. आणि दार सताड उघडं.

देवदत्तने पोलिसांना सांगितलं की दार बंद होतं. बाहेरून कडी कशी लागली, असं विचारलं तर म्हणाला, वाऱ्याने लागली असेल. चौकीत सगळे हसले. वारा कडी लावत नाही. म्हणून तो खोटारडा ठरला. मी जबाब दिला की मी घरात झोपलो होतो.

मी झोपलो नव्हतो. टाकी फाटली तेव्हा मी दाराच्या सगळ्यांत जवळ होतो. त्याच्या खांद्यावर पहार बसली आणि मी जिन्यात उतरलो. ते माझ्या मागे येतील, या भीतीने दार ओढून घेतलं आणि कडी घातली. दोन पायऱ्या उतरून बसलो. आतून दारावर थाप पडली. मग देवदत्तचा आवाज आला, ओरडून नाही, नेहमी हाक मारतो तसा.

“श्याम, कडी काढ रे.”

तीन वेळा म्हणाला. हात चालत नसावा, डोक्याने दार ठोठावत होता. मी भिंतीला पाठ लावून बसलो होतो. मग त्याला मागे ओढल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर नितेशची किंकाळी. त्याच्याकडे दुसरं काय उरलं होतं, पोरी? मी कडी काढली, आवाज न करता, दार आपसूक उघडलं, आणि मी घरी जाऊन आपलं दार लावून घेतलं. देवदत्तने मला उतरताना पाहिलं होतं. तरी चौकीत ‘वारा’ म्हणाला.

काल हे कुंदाला सांगितलं. तिने माझ्या चपला उचलून दाराबाहेर ठेवल्या. आज सकाळी चौकीत गेलो. जबाब फिरवल्याबद्दल माझ्यावरही काहीतरी होईल म्हणे, होऊ दे. शिऱ्यापासून कडीपर्यंत सगळं सांगितलं. हवालदाराने दोनदा विचारलं, नक्की ना? एक प्रत वकिलाकडे गेली आहे. मंगळवारी अकरा वाजता. तू ये असं म्हणायचा अधिकार मला नाही, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुला कोर्टात इतरांच्या तोंडून कळू नये, म्हणून हे लिहिलं. सकाळी जबाब लिहून झाल्यावर हवालदाराने कागद माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, तुम्ही त्यांचे कोण? शेजारी, मी म्हणालो, आणि सही केली.

तुझाच,
श्यामकाका