नसलेला मुकुट

३ फेब्रुवारी

बाबांनी आज चक्क नसलेला मुकुट पाहिला!

बाबांच्या मित्राची, वकीलकाकांची जुनी पोस्टाची तिकिटं तपासायला घेतलीत. काका गेले, आता काकूंना सगळा संग्रह काकांच्या नावानं संग्रहालयाला द्यायचाय. त्याआधी कुठलं तिकीट नेमकं कुठलं, ते बाबांनी ओळखून द्यायचं. गेला आठवडाभर आमचं जेवणाचं टेबल बेंझिननं घमघमतंय. काळ्या बशीत तिकीट पालथं घालायचं, वर दोन थेंब टाकायचे. कागद भिजला की त्यातला वॉटरमार्क, म्हणजे कागदातच दाबलेली फिकी खूण, गडद उमटतो, आणि बेंझिन उडालं की गायब! तेवढ्यात बघून घ्यायचं. वरून तीन तिकिटं अगदी तिळ्या बहिणी — तेच चित्र, तोच रंग. पण एकीच्या कागदात तारा, दुसरीच्या मुकुट, तिसरीच्या काहीच नाही.

बाबा म्हणाले, "मुकुट. आणि तोही उलटा! वा!"

मी वाकून बघितलं. ओला कागद, बस्स.

"कुठाय?"

"उडालं बेंझिन. तुझं आपलं नेहमीचं, वरात निघून गेल्यावर पोचायचं."

पुन्हा थेंब टाकले. त्यांना पुन्हा मुकुट, मला पुन्हा कागद. मी वरवर हसले.

५ फेब्रुवारी

आज परत तेच, आणि एकदा नाही. नुसतं दिसतं म्हणत नाहीत, वर्णन करतात! मुकुटाच्या टोकाला मणी आहे म्हणे. मी आपली मान डोलावते.

कागदाची पारख अजून पक्की आहे. बोटानं चाचपून सांगतात, याला खडूचा लेप आहे, याला नाही. मी ताडून बघते, बरोबर असतं. म्हणजे डोकं जागेवर आहे. डोळेच गेले. मोतीबिंदू काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, छान झालंय. डोंबलाचं छान!

माझी नजर छापखान्यात सगळ्यांना माहीत आहे. इतकी वर्षं प्रुफं तपासतेय, साधी वेलांटी सुटत नाही. मालक म्हणतात, बाईंच्या हाताखालून गेलं म्हणजे डोळे मिटून छापा. असता मुकुट, तर मला दिसला नसता?

८ फेब्रुवारी

संध्याकाळी जिन्यात कुणीतरी सायकल आडवी लावून ठेवली होती. गुडघा सोलवटला. लोकांना अक्कल म्हणून नाही!

९ फेब्रुवारी

दादाला फोन केला. सगळं सांगितलं. म्हणाला, "छोटे, बाबांचं वय झालंय. गोड बोलून काढून घे त्यांच्याकडून ते सगळं."

काढून घे! जसं काही लहान मुलाच्या हातातली कात्री आहे. फोनवरून सल्ले द्यायला याचं काय जातंय? आई गेल्यावर बाबा दोन महिने धड बोलले नव्हते. मग एक दिवस वकीलकाका बशी आणि बेंझिन घेऊन आले आणि म्हणाले, "ऊठ रे, मला तारा सापडत नाहीये." त्या दिवशी बाबा पहिल्यांदा पोटभर जेवले. दादा कुठे होता तेव्हा?

पण मला भीती वाटते. संग्रहासोबत बाबांच्या नावाची पाटी लागणार आहे — ओळख यांनी पटवली. हयातभर औषधाच्या दुकानात डॉक्टरांची किरटी अक्षरं वाचली, एक गोळी चुकीची दिली नाही. आणि आता काचेच्या कपाटात, चारचौघांसमोर चुका मांडून ठेवायच्या? आणि लोकांनी यांना हसायचं?

१२ फेब्रुवारी

केलं शेवटी.

दुपारी बाबा झोपले होते. तिकिटं ठेवलेली बटर पेपरची पाकिटं काढली. प्रत्येकावर बाबांनी पेन्सिलीनं लिहिलेलं असतं. एकेक तिकीट बशीत घालून पाहिलं, घाई न करता. जिथे मला काही दिसलं नाही तिथे 'मुकुट' खोडलं आणि 'वॉटरमार्क नाही' लिहिलं. त्यांच्यासारखंच अक्षर काढून. काही तारेही पुसले. खोडरबराचा भुगा फुंकताना आतून खोकला ऐकू आला आणि मी पटकन पाकिटं मिटली. आपल्याच घरात चोर!

पण बरं वाटलं, खरं सांगते. बाबांना कळणार नाही, पाटी लागेल, काकू खूश. झालं.

१३ फेब्रुवारी

बाबांनी सकाळी एक पाकीट हातात घेतलं. उजेडाकडे धरलं. खाली ठेवलं, परत उचललं.

"याला कुणी हात लावला का?"

"कोण लावणार? आपण दोघंच तर आहोत घरात."

कसं तोंडातून फट्‌कन निघालं! बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चहा टाक." पाकिटं बांधून ठेवली, पुन्हा उघडली नाहीत. दुपारी काकू येऊन घेऊन गेल्या.

१७ फेब्रुवारी

 मी वाचत बसले की बाबा पेपरच्या आडून बघतात. विचारलं तर म्हणे, "बघायचीसुद्धा चोरी का आता?"

२४ फेब्रुवारी

लिहवत नाहीये, पण लिहिते.

संग्रहालयाच्या बाई आल्या होत्या, काकूंना घेऊन. पाकिटांची पेटी टेबलावर ठेवली. फार अवघडून बाबांना म्हणाल्या, "काका, राग मानू नका. पण यात बरेच घोळ आहेत. मुकुट चांगला ढळढळीत आहे आणि तुम्ही 'नाही' लिहिलंय."

मला वाटलं, या बाईंना काय कळतंय! म्हटलं, "दाखवा बघू."

त्यांनी आमच्याच काळ्या बशीत तिकीट घातलं, थेंब टाकले. काकू वाकल्या. इतकी वर्षं नवऱ्याच्या या वेडाला नाकं मुरडणाऱ्या काकू! त्यांनी कधी वॉटरमार्क म्हणून पाहिला नव्हता.

"अगंबाई! मुकुटच की! किती सुबक आहे हो!"

मी बघितलं. खूप बघितलं. ओला कागद.

"दिसला ना?" बाईंनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "दिसला."

बाबांनी पाकीट हातात घेतलं. त्या 'नाही'वरून बोट फिरवलं. मला वाटलं आता म्हणतील, हे माझं अक्षर नव्हे. म्हणायलाच हवं होतं! पण ते हसले. म्हणाले, "डोळे गेले माझे, बाई. म्हातारपण आहे. सगळ्या चुका माझ्या. पाटीवरून नाव काढून टाका."

काकू म्हणाल्या, "असं काय, भाऊजी!" आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई पुन्हा पुन्हा माफी मागत होत्या. आणि मी तिथेच बसून होते.   लाज वाटते, लाज!

२५ फेब्रुवारी

छापखान्यात गेले नाही. बाबा फिरायला गेल्यावर त्यांच्या स्वतःच्या संग्रहातलं तिकीट काढलं, ज्यात तारा आहे हे मला लहानपणापासून माहीत आहे. याच ताऱ्यावर बाबांनी मला बघायला शिकवलं होतं. खिडकीत बसून पुन्हा पुन्हा बेंझिन टाकलं.

नाही दिसला.

काळं अक्षर पांढऱ्यावर असलं की मुंगीएवढंसुद्धा वाचता येतं. पण फिक्यावर फिकं... कधीपासून? कधीपासून नाही दिसत? आणि पुढे अक्षरंही गेली तर मी काय करू? दुसरं येतं काय मला?

बाबांना सांगायचंय. चहा देताना तोंड उघडलं, आणि विचारलं काय, तर साखर बरोबर आहे ना!

२७ फेब्रुवारी

बाबा जेवताना म्हणाले, "डोळे दाखवून यावं म्हणतो. उद्या सोबत चल. मला एकट्याला रस्ता ओलांडायचा कंटाळा येतो."

म्हटलं, चला. त्यांचे डोळे ठणठणीत आहेत हे आता मलाच माहीत आहे, आणि ते मात्र माझ्यामुळे डॉक्टरकडे निघालेत.  ठरवलंय, वाटेत सगळं सांगून टाकायचं.

२८ फेब्रुवारी

वाटेत नाही सांगितलं. दवाखान्यात गर्दी होती. बाबा शेजारी बसून जुनी मासिकं चाळत होते. आतून नर्सबाई आल्या आणि नाव पुकारलं — माझं. मी म्हटलं, चुकतंय काहीतरी, वडिलांचं असेल. त्या म्हणाल्या, नाही, यांनी तेरा तारखेलाच तुमचं नाव लावून ठेवलंय.

बाबांनी मासिकातून मान वर केली नाही. म्हणाले, "जा. मी इथेच आहे."