टाकी नव्हे, विहीर

४ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही मोठ्याने परत म्हणून दाखवता. परवा मी दुधाचं विचारलं, तर तुम्ही तो शब्द इतक्या जोरात उच्चारलात की समोरच्या शिंप्याने म्हणे आईला दूधवाला बदलायचा सल्ला दिला. म्हणून हे पत्र. जन्मभर पाणीखात्याच्या पंपांशेजारी उभं राहून तुमचे कान गेले, माझेही त्याच वाटेवर आहेत.

तुमची नात मुंगी महिन्याची झाली. नाक तुमचं, आवाज पंपाचा. वजन वाढतंय, तरी मला काळजी खाते आहे. सुरुवातीला छाती दगडासारखी भरून यायची, ती आता मऊ पडली आहे. संध्याकाळी मुंगी सारखी पाजायला मागते, खाली ठेवली की घर डोक्यावर घेते. काल हाताने चालवायचा पंप लावून बघितला (हसू नका, तळहाताएवढा असतो), तर बाटलीचा तळ जेमतेम झाकला. दूध आटत चाललं आहे की काय, या विचाराने झोप उडाली. मला तिला अंगावरच पाजायचं आहे, आणि थोड्या दिवसांनी कामावरही जायचं आहे. बाबा, पंप तुम्ही शिकवलात, पुरवठा तुम्ही शिकवलात. लाज बाजूला ठेवून विचारते, पुरवठा कमी पडला तर काय करायचं?

आईच्या गुडघ्याचं कळवा. मुंगीच्या बाबांचा नमस्कार. माझ्यावर आहे ती माया आता दोघींत वाटून द्या.

तुमची
खारू


१० मार्च

चि. खारू हिस,
अ. उ. आ.

पत्र पुन्हापुन्हा वाचलं. बापापाशी लाज कसली, असं लिहितो आहे खरं, पण तुझ्या आईकडे पाठ करून बसलो आहे. नीट बोलताही येत नव्हतं तेव्हा तू पंपघराच्या शिडीवर खारीसारखी चढलीस आणि खाली यायला तयार होईनास. आपल्या पाणीखात्यात पंप चालवणारी पहिली बाई माझी मुलगी आहे, हे मी न विचारताही लोकांना सांगतो. आता लोक मला बघून रस्ता बदलतात.

तर कामाचं. पाणी कमी पडलं की आपण काय करायचो? नळ दिवसभर उघडा ठेवला तर करंगळीएवढी धार पडते आणि कोणाचीच घागर भरत नाही. म्हणून झडप बंद करायची, टाकी भरू द्यायची आणि मग एकदम सोडायचं. तसंच कर. घडोघडी पाजू नकोस, मधलं अंतर वाढव. रडली तर खांद्यावर घेऊन फिर. चांगलं भरू दे, मग दे. मुंगीचं पोट एका दमात भरेल.

तुझी आई मघापासून विचारते आहे काय लिहितोय. पाण्याचं लिहितोय असं सांगितलं. अगदीच खोटं नाही.

जावईबापूंना आशीर्वाद. मुंगीच्या नाकाला जप.

तुझा बाप आणि पहिला वस्ताद


२९ मार्च

ती. बाबा व ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही सांगितलंत तसं केलं. सुरुवातीला वाटलं, मात्रा बरोबर लागू पडली. छाती भरायची, मुंगी गटगट प्यायची आणि झोपायची. मी मनातल्या मनात तुमची पाठ थोपटली. मग भरायला जास्त वेळ लागू लागला, म्हणून मी आणखी थांबू लागले. मुंगी शहाण्यासारखी पडून राहायची, मला वाटलं पोट भरलं आहे. लंगोट कमी ओले होत होते, तेही ध्यानात आलं नाही. काल दवाखान्यात वजन केलं. मागच्या वेळी काटा होता तिथेच आहे. मी तिथेच, सगळ्यांसमोर रडले.

नर्सबाईंनी मला पाणी दिलं, मी पाजताना शेजारी बसून नीट पाहिलं आणि विचारलं, की मधे एवढं अंतर ठेवायला कोणी सांगितलं. पाणीखात्यातल्या वडिलांनी, असं सांगितल्यावर त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, ही टाकी नाही. दूध आत साचून राहिलं की शरीराला वाटतं याची गरज नाही, आणि ते बनवणंच कमी करतं. जितकं निघेल तितकं नवं येतं. बाबा, ही विहीर आहे. उपसली की पाझर वाढतो. आपण दोघांनी मिळून पाझराला झडप बसवली!

छाती मऊ पडणं, संध्याकाळी सारखं मागणं, हे सगळं या दिवसांत होतंच म्हणे. पंपात थोडं आलं म्हणजे दूध कमी, असंही नाही. नीट धरलं तर बाळ पंपापेक्षा जास्त ओढतं. म्हणजे तेव्हा सगळं छान चाललं होतं, आणि आता मात्र खरंच कमी झालं आहे. आता मागेल तेव्हा पाजायचं, मागितलं नाही तर उठवून पाजायचं, दोन्ही बाजूंनी. तोंड मोठं उघडून धरते आहे ना ते बघायचं. वर पंपाने उरलंसुरलं काढून तेही तिलाच द्यायचं. येत्या आठवड्यात पुन्हा वजन. नाही वाढलं तर जोडीला वरचं दूध सुरू करावं लागेल, आणि त्यात हरण्यासारखं काही नाही, मूल वाढलं पाहिजे, असंही त्यांनी बजावलं. मला पटलं.

बाबा, मी रागावले नाही. थोडी रागावले. लोभ आहेच, राग त्याच्या आड येत नाही.

खारू


२ एप्रिल

चि. खारू हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून तुझे बाबा जेवलेच नाहीत. मी म्हटलं, तुम्ही उपाशी राहून नातीला दूध येणार नाही, बसा पानावर.

मला एक सांग. दोन पाणीवाले एकमेकांना पत्रं लिहिता, पुरवठ्याच्या गप्पा करता, आणि ज्या बाईने तुला चालायला लागेपर्यंत पाजलं, ती त्याच घरात, त्याच टेबलापलीकडे भाजी निवडत बसली आहे. तिला विचारावं हे एकाही शहाण्याला सुचलं नाही! तुझे बाबा पाळीवर जायचे आणि तू दिवसभर मला लटकलेली. घरात घड्याळ एकच, ते त्यांच्या मनगटावर. तू मागायचीस, मी द्यायचे. कोणाला मोजता आलं नाही, तेच बरं झालं.

पण माझंच खरं करू नकोस, नर्सबाई सांगतात तेच कर. तहान लागेल तेवढं पाणी पी, नीट जेव, मुंगी झोपली की तूही आडवी हो. मुंगीचं अंगडं काढून तिला उघडीच उराशी घे आणि वरून पांघरूण ओढ. भांडी, कपडे जावईबापूंवर सोड, त्यांना दोन हात आहेत. आणि बाटली लागलीच तर लागली. त्याने तुझ्या आईपणाला ओरखडाही पडत नाही, कोणी बोललं तर माझा पत्ता दे.

लहानपणी तू शिडीवरून पडलीस की रडायच्या आधी शिडीला लाथ मारायचीस. अशी पोर माझ्या पोटी आली, याचा मला तेव्हाही अभिमान होता, फक्त बोलून दाखवला नाही. आता दाखवते.

पोरीला माझा पापा दे. तुझाही घे.

तुझी आई


१२ एप्रिल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

काटा हलला! नुसता हलला नाही, चांगला पुढे गेला. मुंगी लाथा झाडत होती म्हणून नर्सबाईंनी पुन्हा ठेवून पाहिलं, पुन्हा तेच. त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला आणि मी परत रडले. त्या दवाखान्यात मी हसले आहे असं कोणी पाहिलेलंच नाही.

सगळा आठवडा घरात दुसरं काही झालं नाही. मी आणि मुंगी पलंगावर, मुंगीचे बाबा स्वयंपाकघरात. ते भात करपवायचे आणि पुन्हा लावायचे. मधे एक दिवस असा गेला की माझा धीर सुटला आणि मी वरच्या दुधाचा डबा मागवून फळीवर ठेवला. तो अजून बंद आहे. लागला असता तर उघडला असता, आईचा पत्ता होताच जवळ.

आता कामाचं. पाणी सोडताना जागा सोडायची नाही, हा पंपघराचा नियम. म्हणून मी साहेबांकडे गेले आणि पाळीत दूध काढायला मधे सुट्टी आणि आतून कडी लागेल अशी खोली मागितली. ते म्हणाले, आजवर असं कोणी मागितलं नाही. मी म्हटलं, आजवर इथे कोणी आई नव्हती. मग मी आपल्या भाषेत सांगितलं, की उपसा थांबला तर विहीर आटते. ते लगेच उठले आणि मापयंत्रांच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. बाबा, ते तुमच्या हाताखाली शिकलेले आहेत, पण तुम्ही त्यांना आभाराचं पत्र लिहू नका. हे माझं मी मिळवलं आहे.

मी कामावर जाईन तेव्हा मुंगीपाशी दोघंही या. लोभ पत्रात मावत नाही, घेऊनच या.

खारू


२० जून

चि. खारू हिस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. घर सुनं वाटतं. तुझ्या आईने आल्याआल्या माझं घड्याळ मागितलं आणि कपाटात ठेवून दिलं. तुझ्याकडून आलेल्या माणसाला ते लागत नाही म्हणाली.

निघायच्या आदल्या दिवशी मी मुंगीला घेऊन पंपघरात आलो होतो, तेव्हा तू आत होतीस. तुला माहीत नाही ते सांगतो. मापयंत्रांच्या खोलीच्या दाराला आपली जुनी पाटी टांगलेली होती, दुरुस्तीला पंप उघडला की लावतो ती, ‘काम चालू आहे, थांबा’ अशी. तुझ्या जागी एक जण न सांगता उभा होता. दारावरून जाणारे पाय हळू टाकत होते. मला आवाज कळत नाहीत, पण पाय कळतात. माझ्या काळात त्या दारातून नुसता आरडाओरडा जायचा. मी मुंगीला छातीशी धरून दारापाशी पहारा देत उभा राहिलो. जन्मभरात तिथे इतक्या ताठ मानेने मी कधी उभा नव्हतो.

तुझे साहेब आले आणि त्यांनी मला काहीतरी विचारलं. मला वाटलं, आत कशाचं काम चाललंय ते विचारतात. मी सांगितलं, आणि माझा आवाज तुला माहीत आहे, सगळ्या पंपघराने ऐकलं असणार. मी म्हटलं, आत माझ्या नातीचा पुरवठा चालू आहे, आणि माझ्या मुलीने माझं ऐकणं सोडलं तेव्हापासून तो वाढला आहे.

इथे आल्यावर शिंप्यालाही सांगितलं. दूधवाला बदलायची गरज नाही.

मुंगीला खूप खूप आशीर्वाद. चुकलं तर असंच सांगत जा, माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा बाप, आणि यापुढे तुझ्या हाताखालचा शिकाऊ