आतला धनी

बाबा, श्रावण लागलाय. पोथी काढली, पण पतिव्रतेच्या अध्यायापुढं पान उलटत नाही. तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही होता तेव्हा जमलं नाही.

पातूरच्या ओसरीवर पोथी दुसरं कुणी वाचायचं, अर्थ तुम्ही सांगायचा. दिवसभर निशिगंधाचे हार गुंफून बोटं हिरवी झालेली असायची. एकदा नवऱ्याच्या सेवेचं ऐकायला बायका पदर सावरून बसल्या होत्या आणि तुम्ही म्हणालात, "हे बाईचं नाही सांगून राहिली पोथी. पतिव्रता म्हंजे आपला जीव. त्याचा धनी आत बसला हाय. त्याले सोडून कोनाले भ्यायचं नाही." मी बारा वर्षांची असेन. त्याच दिवसांत मी हारातलं फूल हुंगलं म्हणून तुम्ही अख्खा हार फेकून दिलात, कारण हुंगलेलं फूल देवाला चालत नाही. कुणी पाहिलं नाही, असं मी कुरकुरले, तर म्हणालात, तुझ्या आतल्यानं पाहिलं. मला ते पटलं, हीच तर पंचाईत.

मग लग्नानंतरचा पहिला श्रावण. सकाळच्या एसटीनं बाळापूरहून आले, पिशवी खाली ठेवली, बाही सारून दंडावरचे वळ दाखवले. तुम्ही हार गुंफताय. फुलांचा वास नाकात जाऊ नये म्हणून तोंड बाजूला करायची तुमची सवय. तसंच तोंड फिरवता. "सांजच्याले लोकं येतीन पोथीले. घरी बसलेली पोर दिसली तं मी अर्थ कोन्त्या तोंडानं सांगू? जाय वापस."

गेले. नवरा मरेपर्यंत सव्वीस वर्षं नांदले. आतला ओरडत होता आणि मी तुमचं ऐकलं. लोक मला पतिव्रता म्हणतात, तेव्हा अंगाचा तिळपापड होतो. राग तुमचा येतो की माझा, अजून ठरत नाही.

परवा लेक अमरावतीहून आली, तशीच पिशवी घेऊन. मी मेथी निवडत होते. उंबऱ्यातूनच तिनं विचारलं, "आई, तू अशी आली होती तवा आबाजी काय म्हनले होते?" तिचा तुमच्यावर फार जीव होता. खरं सांगितलं असतं, तर ती तशीच माघारी फिरली असती.

"राह्य म्हनले," मी सांगितलं.

"मंग तू काहून गेली?"

"मीच गेली. येडी होती मी."

तिची पिशवी मी आत नेऊन ठेवली. तेव्हापासून जिवाला चैन नाही. आतल्याचं ऐकायला निघाले, तर पहिलंच पाऊल खोट्यावर पडलं. आज संध्याकाळी शेजारणी येतील, लेक समोर बसेल, आणि अर्थ मी सांगायचा आहे. तुमच्याच शब्दांत सांगीन, मला दुसरे येत नाहीत.

हा कागद पोथीत ठेवणार होते. पण पोथी आता लेकही उघडते, म्हणून फाडून टाकते.