आईच्या पानाशेजारचं पान

बाबा,

परवा पितरपाटात आईचं पान वाढलं. तुम्ही देह ठेवल्यावरही ती बरीच वर्षं राहिली. शेवटी दवाखान्यात माझा हात धरून म्हणाली, "माह्या पानाजवळ तुह्या बापाचंही पान वाढजो. जलमभर एकटीच जेवत आली मी. आता तरी सोबत पाह्यजे." म्हणून मी दोन पानं मांडली, आणि काका दारातच अडले. तुमचे सख्खे धाकटे भाऊ, पण तुम्हाला महाराजच म्हणतात, झोपेतसुद्धा म्हणत असतील.

"हे दुसरं पान कोणाचं वो? महाराजाचं पान वाढत नसते, बाई. त्याईनं संन्यास घेतला तवाच सोताचं श्राद्ध सोताच्या हातानं केलं. आता त्याईले पितरात काऊन ओढून राह्यली तू?"

खोटं नव्हतं ते. त्या दिवशी पैनगंगेच्या काठी मीही होतेच की. कालपर्यंत सगळं मेहकर ज्यांना मेजरसाहेब म्हणत होतं, ते डोक्याचा चकोट करून, ओल्या धोतरात, स्वतःच्या नावाचा पिंड ठेवताहेत, आणि पाठ मात्र परेडवर असल्यासारखी ताठ. आई माझ्या बाजूला, नेहमीसारखं ठसठशीत कुंकू लावून. एका बाईनं तिला विचारलं, आता तुमचं कसं? आई शांतपणे म्हणाली, "बदली झाली समजते मी. या टायमाले फॅमिली क्वार्टर नाही भेटलं, एवढंच." बाई हसली. मला मात्र रडू आलं, आणि तुमचा मनापासून राग आला.

कारण तुम्ही सुट्टीवर यायचात तेव्हाचं स्वयंपाकघर मला ठाऊक होतं. आईला पाटावर बसवून तुम्ही स्वतः स्टोव्हला पंप मारायचात, कांदा असा बारीक चिरायचात की जणू वरून तपासणीला साहेब येणार आहे, आणि गरम गरम पोळी तिच्या ताटात टाकायचात. ती लाजून म्हणायची, "पुरे नं, तुम्हीबी बसा." मग दोघं एकाच ताटात जेवायचात. सुट्टी संपली की ती पुन्हा एकटी, भिंतीकडे तोंड करून दोन घास खाऊन उठायची.

आश्रमही तुम्ही पलटणीसारखाच चालवला. बाहेर चपला ओळीत नसल्या की प्रवचन सुरूच होत नसे. मोठमोठे लोक वाकून आपापल्या चपला सरळ करायचे. मी पहिल्यांदा आले ती धावतच, सगळ्यांदेखत "बाबा" म्हणत. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "इथं बाबा कोणी नाही, माय. रांगेत बस." बसले. नंबर आला, इतरांसारखीच चिमूटभर साखर हातावर पडली. मी उठणार, तोच तुम्ही खाली बघत पुटपुटलात, "स्कूटीचा ब्रेक वाजून राह्यला. आजच्या आज दाखव." म्हणजे मी फाटकातून आत येताना तुमचे कान माझ्याकडेच होते. तरी बरं, महाराज. घरी येईपर्यंत मी त्या ब्रेकवरच चिडत होते, आणि मेकॅनिककडे मात्र त्याच दिवशी गेले.

तर परवा मी काकांना म्हटलं, "महाराजांचं श्राद्ध झालं, कबूल. त्यांचं काहीच उरलं नाही. हे पान त्यांचं नाहीच."

"मंग कोणाचं?"

"आईच्या नवऱ्याचं."

काकांनी खांद्यावरचा रुमाल काढून डोळे पुसले, पाटावर बसले आणि म्हणाले, "वाढ. वहिनीचं पान थंडं होऊन राह्यलं." दोन्ही पानं अगदी लागून ठेवली. तुमच्या पानावर कांदा बारीक चिरून घातला. पितरांना कांदा चालत नाही म्हणतात. तुम्हाला चालायचा.

हे पाठवायचं कुठं, म्हणून कागद आईच्या लुगड्यांच्या घडीत ठेवणार आहे. एकच सांगायचं राहिलं. मला काकांना "माझ्या बाबांचं" असंच सांगायचं होतं. ओठांपर्यंत आलं होतं. पण त्या रांगेत बसल्यापासून हा शब्द माझ्या तोंडून चारचौघांत निघतच नाही. इथं मात्र पहिला तोच लिहिला, आणि पुढचं सुचेपर्यंत बराच वेळ नुसती त्याच्याकडे बघत बसले.