हिराला वाटेत अडवलं तेव्हा

मंगळ., ५ जाने. १९५४, डोंबिवली
आठवीच्या हजेरीत हिरा आजही नाही. मानपाड्याहून बांधाबांधाने चालत येणारी पोर, भर पावसातही कधी चुकली नव्हती. मैत्रिणीला विचारलं तर खाली मान. मग हळूच, "बाई, अकरावीतला वसंत तिला वाटेत अडवतो. पुन्हा शाळेत दिसलीस तर विहिरीत ढकलीन म्हणाला."

बुध., ६
शाळा सुटल्यावर मानपाड्याला गेले. हिराची आई ओटीवर तांदूळ पाखडत होती. "पोरीला घरान ठेवली, बाई. आमाला भांडान नको." तेवढ्यात दाराआडून हिरा, "मना शालेन यावाचंय!" आई रागावली आणि मग हसूच लागली. मीही. भाकरी नि सुकटीची चटणी खाऊन आले. फार चविष्ट. घरी सुकटीचं बोलले नाही.

गुरु., ७
हेडसरांकडे. ते म्हणाले, मुलींना रोज थोडं आधी सोडू.
"म्हणजे तास मुलींचाच बुडणार? अडवतो तो, सर. त्याला थांबवा."
वसंतचे वडील शाळेच्या कमिटीवर. माझी नोकरी अजून कायम नाही. सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बाई, बरोबर आहे तुमचं. मीच सोपी वाट बघत होतो."
जिना उतरताना पदर पायात आला, पडलेच असते. इतका आनंद.

शनि., ९
वसंत नि त्याचे वडील सरांच्या खोलीत. मीही.
वडील : "पोरं चेष्टा करायचीच."
सर, आवाज न चढवता : "विहिरीची चेष्टा माझ्या शाळेत चालत नाही."
"ह्या बाई कायम आहेत का हो?"
"त्यांचं मी बघतो. तुम्ही मुलाचं बघा."
सोमवारपासून आठवडाभर वसंतला शाळा बंद. परत आल्यावर वर्गासमोर कबुली. आणि नंतर रोज, मुली घरी पोचेपर्यंत, सरांसमोर बसून अभ्यास.
मी हसू लपवायला खाली बघत होते. पण वसंत रडवेला झाला तेव्हा हसू आपोआप गेलं. पोरच ते. तरी हे हवंच होतं.

सोम., ११
हिरा आली!! मागून तिची आई, दोन्ही हातांना धाकट्या पोरी. "याना शाला बघाची होती." प्रार्थनेत हिराचा सूर सगळ्यांच्या वर, नि बेसूर. मधल्या सुट्टीत लंगडीत तिने एकेकीला असं पळवून बाद केलं की मुलं कुंपणावर चढून बघत होती. भूगोल आज कसला होतोय.

गुरु., १४. संक्रांत
वसंतच्या वडिलांचा सरांना निरोप : सणाचा दिवस आहे, तिळगूळ देऊन मिटवून टाका. सरांनी हिरालाच बोलावून विचारलं. (आजवर तिला कुणी, मीसुद्धा, विचारलंच नव्हतं.)
ती म्हणाली, "तिलगूल खाईन, सर. पन मिटला का नाय, ते त्यो रस्त्यान कसा वागतो ते बघून सांगीन."
सर इतके हसले की शिपाई डोकावला. शिक्षा कायम. तिळगूळही वाटला, भरपूर.

सोम., १८
वसंत परत आला. अकरावी नि आठवी, दोन्ही वर्गांसमोर म्हणाला, "मी हिराला धमकी दिली. चुकलं माझं." हिराने सरळ त्याच्याकडे बघून ऐकलं.

शुक्र., २२
रविवारी कमिटीची सभा, माझं कायम व्हायचं त्यात निघेल. घरी आई काळजीत. मला मात्र आज गाढ झोप लागणार.
संध्याकाळी मुली बांधावरून गात गेल्या, पार दिसेनाशा होईपर्यंत ऐकू येत होत्या. सर बाहेर गेले होते म्हणून वसंतपाशी मी बसले. बीजगणित चाललं होतं. मधेच मान वर न करता म्हणाला, "बाई, पोचल्या असतील का त्या?"
त्याला घरी जायची घाई होती, की आणखी काही...
"थोडं थांबू या," म्हटलं.