चिंधी बांधलेला दोडका

सर, आज प्रयोगशाळेत बर्फ फोडताना तुमचं रोहण्याचं शेत आठवलं. सांज होत आलीय, दोडक्याची पिवळी फुलं उमलताहेत आणि तुम्ही वेलाच्या कडेच्या एका दोडक्याला चिंधी बांधताय. तो बियाण्याचा, चिंधी दिसली की तोडणाऱ्या बायका त्याला हात लावत नाहीत. "आपल्या रेणूचंबी असंच हाय पोरी," तुम्ही म्हणता. "अल्कोहोलचे दोन गट. एक कडेले, मोकळा. दुसरा आत, गर्दीत. सिलिल नावाच्या रसायनाची चिंधी जाडजूड, बर्फात हळूहळू घातली तं कडेच्यालेच बसते. मंग आतल्यावर काम करजो, अन् शेवटी चिंधी सोडजो." एवढी शिकवण मला जन्मभर पुरली.

तरी तुमच्या हाताखाली शिकत असताना एका शनिवारी मी घाई केलीच. आर्वीची एसटी चुकू नये म्हणून बर्फ घेतला नाही, सिलिलची पूड न मोजता, हवी त्याच्या दुपटीहून जास्त, एकदम ओतली आणि पळाले. सोमवारी बघते तर दोन्ही गटांना चिंध्या! त्या सोडवताना नाजूक रेणूच मोडला; तुम्ही तीन महिने जपून बनवलेला पदार्थ, सगळा वाया. "काऊन झालं असं?" तुम्ही विचारलंत. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, वजनकाटा चुकीचं वजन दाखवत होता." काटा रोज सकाळी तपासून ठेवायचं काम प्रयोगशाळेतल्या काकांचं. तुम्ही कधी कोणावर आवाज चढवत नसत. त्या दिवशी काकांवर चढवलात. "मी तं पाह्यला होता सर," एवढंच ते म्हणाले, आणि तो स्वच्छ काटा फडक्यानं पुसत राहिले. मी शेजारीच उभी होते, मान खाली घालून.

आज माझ्या विद्यार्थिनीनं अगदी हेच केलं. विचारलं तर सरळ म्हणाली, "मॅडम, मीच जास्त टाकलं. मले गाडी पकडायची होती." तिला रागवावं की जवळ घ्यावं, मला कळेना. लाज वाटली, सर, फार वाटली. काटा बरोबर होता. काकांची काही चूक नव्हती. तुम्ही होतात तोवर हे सांगायचं धाडस झालं नाही.

काका अजून आहेत. बोरगाव मेघेत, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. सकाळी भाजी घेताना भेटतात, "बरी हायेस ना पोरी?" म्हणून विचारतात. खरं तर हे सगळं त्यांना सांगायला हवं होतं. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही वाचणार नाही.